टबातून बाहेर यायची तयारी : कोकणातल्या एका छोट्या रुग्णालयातलं जलप्रसूतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं २० खाटांचं खाजगी प्रसूती रुग्णालय आहे. मी तिथल्या प्रसूतिकक्षाची इन्चार्ज सिस्टर. ज्या बाईचं हे प्रकरण आहे तिची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिला इथे सायली म्हटलं आहे.

सायली २७ वर्षांची, पहिलटकरीण. नोकरी गोव्यात, माहेर मालवण तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे आठवा सरता सरता ती आईकडे आली. तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली, म्हणजे ऐन मिरगाची. पहिल्या भेटीत खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिनं डॉक्टरांना विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे टब आहे ना? मला पाण्यातच बाळंत व्हायचंय."

टब होता. हवा भरून उभा करायचा, आत बसल्यावर छातीपर्यंत पाणी येईल असा. मॅडमनी तो कळा सोसायला उपयोगी पडावा म्हणून आणला होता आणि काही बायकांनी तो तसा वापरलाही होता. मात्र आमच्याकडे एकही बाळ पाण्यात जन्मलेलं नव्हतं. कळांचा वेळ पाण्यात काढणं आणि बाळ पाण्यात जन्माला येणं यांत बराच फरक आहे. फोनवरच्या व्हिडिओंत तो दिसत नाही. तिथे मंद दिवे असतात, शांत संगीत असतं आणि शेवटी हसणारी आई असते.

सायलीच्या या हट्टामागे कारण होतं. तिच्या मोठ्या बहिणीचं पहिल्या वेळी सिझर झालं होतं आणि "का केलं ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही" हे घरात वर्षभर चघळलं गेलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली. खाजगी रुग्णालयांत हाच आकडा ४७.४ टक्के होता. सायलीनं हे आकडे वाचलेले होते. तिच्या लेखी टब म्हणजे सिझरपासूनचं संरक्षण. तो तसा नाही, हे सांगण्यातच पहिली भेट संपली.

प्रश्न नेमका काय होता

मॅडमनी तिला आणि तिच्या नवऱ्याला जे सांगितलं ते थोडक्यात असं. कळांच्या पहिल्या टप्प्यात कोमट पाण्यात बसल्यानं दुखणं सुसह्य होतं, याला बऱ्यापैकी आधार आहे. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात १५ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. पाण्यात बसलेल्या बायकांना कमरेतून द्यायच्या भुलीची गरज कमी पडली, सिझरच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही. खुद्द पाण्यात बाळ होण्याबद्दल मतं एक नाहीत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये म्हटलं की ३७ आठवडे पूर्ण झालेल्या, गुंतागुंत नसलेल्या बाईला पहिल्या टप्प्यात पाणी देता येईल, जन्म मात्र पाण्याबाहेर व्हावा. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित मिडवाइफच्या, म्हणजे शिकलेल्या सुईणीच्या, देखरेखीखाली पाण्यात जन्म ही नेहमीची गोष्ट आहे. तिथल्या ६० हजारांहून अधिक बाळंतपणांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की कमी जोखमीच्या बायकांत पाण्यातला जन्म पाण्याबाहेरच्या जन्मापेक्षा जास्त धोक्याचा ठरला नाही.

"मग आपण ब्रिटनसारखं करू," सायलीचा नवरा म्हणाला.

प्रश्न इथेच होता. तिथे बाईशेजारी पूर्ण वेळ एक मिडवाइफ असते, जन्माच्या वेळी दुसरी येते आणि बाळाला श्वास द्यायची माणसं त्याच इमारतीत असतात. आमच्याकडे रात्रपाळीला प्रसूतिकक्षात एकच सिस्टर. बालरोगतज्ज्ञ फोन केल्यावर येतात, साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावरून. भूलतज्ज्ञही बाहेरून. रक्त जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणायचं. त्यात पाऊस, पडलेली झाडं आणि गेलेली लाइट.

घरात आणखी एक बाजू होती. सायलीची आजी दुसऱ्या भेटीला सोबत आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाण्यात जन्माक येवक ता काय माशाचा पिल्लू? नाका-तोंडात पाणी गेला तर कोण बघतलो?" सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं होतं. निरोगी बाळ पाण्याखाली बाहेर आलं तरी नाळेतून त्याला प्राणवायू मिळत असतो. चेहऱ्याला हवा लागली, गारवा लागला की ते पहिला श्वास घेतं. म्हणून त्याला लगेच, पण नाळ न ताणता, वर आणायचं आणि एकदा वर आलेलं डोकं पुन्हा पाण्याखाली जाऊ द्यायचं नाही. ज्या बाळाला आतच प्राणवायू कमी पडलाय ते मात्र पाण्याखालीच श्वास ओढू शकतं. बाळाच्या ठोक्यांत जराही गडबड दिसली किंवा बाळानं आत शी केल्याची शंका आली की पाणी सोडायचं, हा नियम तिथून येतो. आजीला हे पटलं. सायलीच्या आईला पटायला आणखी वेळ लागला.

कोणते पर्याय तपासले

मुंबई, हैदराबाद, कोची अशा शहरांत पाण्यातल्या प्रसूतीचा अनुभव असलेली ठिकाणं आहेत. तिथे जायचं तर शेवटचा महिना भाड्याच्या खोलीत काढायचा. खर्चाचा मुद्दा होताच, पण माहेर सोडून राहायचं म्हटल्यावर सायलीच नको म्हणाली.

सरकारी रुग्णालय हा दुसरा पर्याय. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिथे प्रसूती, सिझर, औषधं, जेवण आणि ने-आण सगळं मोफत आहे. मोठ्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आणि रक्ताची सोय आमच्यापेक्षा जवळ असते, हे मॅडमनी स्वतःहून सांगितलं. टब नाही, एवढंच.

घरी टब आणून बाळंत व्हायचा विचार नवऱ्यानं एकदा बोलून दाखवला. त्यावर चर्चा झाली नाही.

उरले दोन. आमच्याकडे टबात कळा काढून जन्म खाटेवर, नाहीतर आमच्याकडेच टबात जन्म. दुसऱ्यासाठी सायलीनं बरीच खटपट केली. मॅडमनी शब्द देताना सांगितलं, "पाणी मी तुला देईन. बाळ मात्र मी कोरड्यावर घेणार. बालरोगतज्ज्ञ माझ्या छताखाली नाहीत, म्हणून." नाही म्हणायचं तर कारणासकट म्हणायचं, ही मॅडमची सवय मला आवडते. बहिणीच्या वेळी जे झालं नाही ते इथे झालं आणि सायलीचा अर्धा विरोध तिथेच मावळला.

आधी बाईची तपासणी

एकच बाळ, डोकं खाली, बीपी आणि साखर ठीक, आधीचं कुठलं ऑपरेशन नाही, एचआयव्ही आणि कावीळ बी निगेटिव्ह. अडलं हिमोग्लोबिनवर, ९.६. लोहाच्या गोळ्या तिनं मधेच सोडल्या होत्या, कारण पोट साफ होत नव्हतं. पाण्यात रक्तस्राव किती झाला याचा अंदाज बांधणं अवघड असतं. थोडं रक्तही सगळं पाणी लाल करतं आणि खरोखर जास्त गेलेलं कधी कधी लक्षात येत नाही. अंगात मुळात रक्त कमी असेल तर ही चूक महागात पडते. शिरेतून लोह दिलं, आहार बघितला आणि ३८ व्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.१ आलं. ते ११ च्या खाली राहिलं असतं तर टब नाही, हे आधीच ठरलं होतं.

पाण्याचा हिशेब

टबाच्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ पाण्यानं खाल्ला. आमच्या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरी तळाला जातात. जांभ्यातून पाणी झिरपून जातं. रुग्णालयाची स्वतःची विहीर आहे, मेअखेरीस टँकर घ्यावा लागतो. टबाला साधारण ५०० लिटर पाणी लागतं, शिवाय ते एकदा तरी बदलावं लागेल असं धरायचं. म्हणजे हजार लिटर राखीव. गच्चीवरच्या एका टाकीचा कॉक वेगळा करून ती टाकी फक्त यासाठी ठेवली.

मग दर्जा. पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी गढूळतं, आजूबाजूची घाण झिरपून आत येते. मेमध्ये पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला तो ठीक आला. पण मेचा अहवाल जूनच्या पाण्याला लागू नाही हे आमच्या पॅथॉलॉजीच्या मुलानं लक्षात आणून दिलं, त्याचं श्रेय त्याला. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा नमुना दिला आणि त्यात कोलिफॉर्म, म्हणजे घाण पाण्यात मिसळल्याची खूण असलेले जंतू, सापडले. टाकी रिकामी करून घासली, क्लोरीन मारलं आणि नळाला येणाऱ्या पाण्यात ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढं तरी क्लोरीन शिल्लक आहे ना, हे रोज सकाळी बघायचं ठरवलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली ही किमान मर्यादा आहे. जुना हँडशॉवरचा पाइप फेकून नवा लावला, कारण ओल्या पाइपात आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जंतू राहतात. टबात प्रत्येक वेळी नवं प्लास्टिकचं अस्तर.

तापमानाचा हिशेब मी वहीत मांडला. पाणी हवं ३७ अंशांच्या आसपास, ३७.५ च्या वर कधीच नाही. आई तापली की पोटातलं बाळ तिच्याहून जास्त तापतं, ठोके वाढतात. नळाचं पाणी २७ अंश धरलं आणि गीझरचं ६०, तर ५०० लिटरमध्ये १५० लिटर गरम लागतं. आमचे गीझर २५ लिटरचे, दोन किलोवॅटचे. एक गीझर भरून तापायला अर्धा तास. दोन गीझर लावले तर दीड तास. गच्चीवर सोलर आहे, पण जूनच्या ढगांत सोलरवर भरवसा कोण ठेवणार? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर गीझर चालत नाही. जनरेटरवर दोन चालतात, मात्र तेव्हा एसी बंद ठेवावा लागतो.

सायलीच्या वडिलांनी घरच्या चुलीवर भाण चढवून पाणी पुरवायची तयारी दाखवली. उकळलेलं म्हणजे जंतूंचा प्रश्न नाही, खरं. पण उकळतं पाणी कळशीनं ओल्या कॉरिडॉरमधून न्यायचं, तेही गर्दीच्या वेळी? नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असावं.

दुसरी सूचना आमच्याच माणसाची होती. कळा सुरू झाल्याचा फोन आला की टब भरून, तापवून तयार ठेवू. ही वरवर शहाणपणाची वाटते आणि तीच सगळ्यात धोक्याची. कोमट पाणी तासन्‌तास साठवून ठेवलं की त्यात लेजिओनेला हा फुप्फुसांना बाधणारा जंतू वाढू शकतो. आधीच भरून तापवत ठेवलेल्या घरगुती टबांबद्दल ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनं २०१४ मध्ये याच कारणानं इशारा दिला होता. आम्ही ठरवलं की गरम पाणी गीझरमध्येच ६० अंशांवर राहील आणि गर्भपिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं की मगच टब भरायला घ्यायचा.

आणि वजन. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन, वर बाई. प्रसूतिकक्ष पहिल्या मजल्यावर होता. शंकेला जागा नको म्हणून टब तळमजल्यावरच्या खोलीत आला. त्या खोलीतला टबाजवळचा प्लगपॉइंट काढून टाकला.

बाहेर काढायची तालीम

मला विचाराल तर सगळी तयारी याच एका गोष्टीची होती. पाण्यात बाई बसवणं कुणालाही जमेल. तिला चक्कर आली, ठोके उतरले, रक्त जायला लागलं, तर तिला बाहेर किती वेळात आणता?

बाई शुद्धीवर असेल तर तिनं स्वतः उभं राहायचं, दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा. नसेल तर पाण्यातच अंगाखाली जाळी सरकवायची, चौघांनी उचलायचं आणि टबाची कड दाबून थेट स्ट्रेचरवर घ्यायचं. तालमीत बाईच्या जागी आमच्यातलीच एक सिस्टर बसली. पहिल्या खेपेला दोन मिनिटांच्या वर वेळ गेला. कारण साधंच होतं. टब दाराकडे तोंड करून मांडला होता, स्ट्रेचर आत येऊन वळतच नव्हतं आणि जाळी कपाटात होती, कपाटाची किल्ली स्टोअरकडे. टब भिंतीपासून सुटा केला, खाट त्याच खोलीत सात पावलांवर लावली, जाळी भिंतीवरच्या हुकाला टांगली. मग वेळ मिनिटाच्या आत आली. प्रसूतिकक्षातल्या मदतनीस मावशींनी एक गोष्ट सुचवली जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हती. खाटेपर्यंत जुन्या गोधड्या अंथरायच्या. ओल्या लादीवरून चालणाऱ्या बाईचा पाय घसरतो तो तिथेच.

सगळं ठरल्यावर एका पानावर मराठीत लिहिलं आणि सायली, तिचा नवरा आणि मॅडम तिघांनी सह्या केल्या. पाच सेंटीमीटर उघडल्याशिवाय पाण्यात नाही. बाळाचे ठोके दर १५ मिनिटांनी ऐकू द्यायचे. ताप, रक्त, हिरवं पाणी (बाळानं आत शी केल्याची खूण) किंवा ठोक्यांत बदल दिसला की कारण न विचारता बाहेर, कारण नंतर सांगू. टबात असताना बाईला एकटं सोडायचं नाही. नवरा बाहेरून आधार देईल, पाण्यात उतरणार नाही. पिशवी पूर्ण उघडली की खाटेवर. रात्र असेल तर जवळ राहणाऱ्या दुसऱ्या सिस्टरला बोलवायचं आणि बालरोगतज्ज्ञांना पाच सेंटीमीटरलाच फोन.

प्रत्यक्ष दिवस

कळा पहाटे सुरू झाल्या आणि सकाळी आठला ती आली तेव्हा पाऊस कोसळत होता. तोंड तीन सेंटीमीटर. तिला लगेच टब हवा होता. फार लवकर पाण्यात बसलं की कळा मंदावतात असा आमचा अनुभव आहे, म्हणून तिला चालायला लावलं, कमरेवर गरम पाण्याची पिशवी दिली, पेजेचं निवळ पाजलं. तिनं नाराजी लपवली नाही.

दहाच्या सुमारास लाइट गेली. जनरेटर लागला, गीझर चालू, एसी बंद. चार सेंटीमीटरला टब भरायला घेतला. भरून झाल्यावर तरंगता थर्मामीटर ३८.४ दाखवत होता. वहीतला हिशेब २७ अंशांच्या पाण्याचा होता, गीझरच्या पाइपात अडकलेलं पाणी त्यात धरलं नव्हतं. थंड पाणी सोडून, हातानं ढवळून पाणी ३६.८ वर आणेपर्यंत पाच सेंटीमीटर झाले. पाण्यात बसल्याबरोबर तिचे खांदे खाली आले. हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे. पाणी वजन उचलतं आणि बाई दोन कळांच्या मध्ये खरोखर विसावते. ती पुढे झुकून टबाच्या कडेवर डोकं टेकून बसली आणि कळ आली की नवऱ्याचा हात घट्ट धरायची.

अडचण आली ती कुणी कल्पिली नव्हती अशी. खोलीला लागून पत्र्याची पडवी आहे. पत्र्यावर पाऊस असा काही वाजत होता की डॉप्लरमधले, म्हणजे पोटावर लावायच्या यंत्रातले, बाळाचे ठोके ऐकूच येईनात. पडद्यावरचा आकडा मध्येच आईची नाडी दाखवतो, त्यावर विसंबता येत नाही. शेवटी मोबाइलचा इअरफोन डॉप्लरला लावला आणि एका हातानं आईची नाडी धरून ठोके मोजले. १४० च्या आसपास, नियमित.

एसी नसल्यामुळे खोलीत घुसमट होती. तासाभरानं सायलीचा चेहरा लाल झाला, अंगाचं तापमान ३७.४. पाणी ३६ वर आणलं, कपाळाला ओला पंचा, घोट घोट कोकम सरबत. तापमान उतरलं.

साडेबाराला तिला खाली जोर लावावासा वाटायला लागला. मॅडमनी तपासलं, पिशवी पूर्ण उघडलेली, पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) शाबूत, ठोके चांगले. कागदाप्रमाणे आता बाहेर. सायली म्हणाली, "मॅडम, राहू दे ना इथेच. प्लीज." नवऱ्यानं मॅडमकडे बघितलं, मी घड्याळाकडे. बालरोगतज्ज्ञ निघाले होते, पोचले नव्हते. मॅडम टबाशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "ही कळ जाऊ दे, मग बोलू."

त्या कळेनंतर दुसरी आली. तिसऱ्या कळेला पाणमोट फुटली. मी टॉर्च मारला. पाण्यात हिरवट झाक होती, पातळ, पण होती. मग बोलायचं काही उरलं नाही. "सायली, बाळानं शी केली आहे, उभी राहा," एवढंच मॅडम म्हणाल्या आणि ती उभी राहिली. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं मावशी, गोधडीवरून सात पावलं आणि खाट. पुढची कळ यायच्या आत ती कुशीवर झोपलेली होती.

निकाल

अर्ध्या तासानं मुलगी झाली, २ किलो ९५० ग्रॅम. जन्मताच रडली, त्यामुळे नाकातोंडात नळी घालावी लागली नाही. बालरोगतज्ज्ञ जन्माच्या जरा आधी पोचले होते. त्यांनी बाळ आईच्या छातीवरच तपासलं. नाळ मिनिटभर थांबून कापली. वार पडण्यासाठी मांडीत ऑक्सिटोसिन दिलं, रक्तस्राव नेहमीएवढाच. थोडी फाटलेली जागा टाक्यांनी शिवली. तिसऱ्या दिवशी दोघी घरी गेल्या.

सहा आठवड्यांनी तपासणीला आली तेव्हा सायली म्हणाली की टबातला वेळच तिला नीट आठवतो, आधीचं आणि नंतरचं सगळं धूसर आहे. बाळ पाण्यात झालं नाही याची खंत आहे का, असं मी विचारलं. "आहे," ती म्हणाली. "पण का नाही झालं ते मला माहीत आहे." आजी मागून म्हणाली, "माझा न्हाणयेतला पाणीच बरा," आणि नातीच्या बाळंतकाढ्याबद्दल मॅडमशी वाद घालायला लागली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा प्रश्न त्या तीन कळांचा. पिशवी पूर्ण उघडली की बाहेर, असं कागदावर होतं आणि त्या काही मिनिटांत आम्ही कागद सोडला होता. हिरव्या पाण्यानं निर्णय आमच्या हातातून काढून घेतला. पाणी स्वच्छ असतं आणि सायली उठायलाच तयार नसती तर? जोर लावणाऱ्या बाईला ओढून बाहेर काढता येत नाही आणि काढूही नये. नव्या कागदात आता एक ओळ आहे. बाई बाहेर यायला तयार नसेल तर जन्म पाण्यात होईल असं धरून लगेच दुसरी सिस्टर टबाशी, गरम टॉवेल आणि बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी, ठोके दर पाच मिनिटांनी. मॅडमना ही ओळ सुरुवातीला नको होती. त्यांचं म्हणणं, लिहिलं की ते आमंत्रण ठरतं. माझं म्हणणं, न लिहिल्यानं ते टळत नाही.

तालीम आम्ही उन्हाच्या दुपारी केली, शांत खोलीत, लाइट असताना. प्रसूती पावसात झाली. आता जूननंतरची तालीम पत्र्यावर पाऊस वाजत असताना आणि मुद्दाम मेन स्विच बंद करून करतो. डॉप्लरला इअरफोन कायमचा बांधून ठेवला आहे.

पाणी भरताना आधी थंड, मग गरम, असा क्रम लावला आहे. थर्मामीटर दोन.

एक शंका मला तेव्हाही होती, ती आजही आहे. पहिल्या भेटीत सायलीला टबापेक्षा जास्त कशाची गरज होती? बाळंतपणात शेजारी माणूस असणं, चालता-फिरता येणं, खाता-पिता येणं, काय चाललंय ते कळणं, हे सगळं टबाशिवाय देता येतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतीवेळी सोबतीला माणूस असू द्यावा असं आहे. टब मागणाऱ्या प्रत्येकीशी आधी या गोष्टींवर बोलायचं असं मी सुचवलं आहे. काही जणी त्यानंतर टब मागत नाहीत, काही मागतात.

पाण्यात जन्म सुरू करायचा का, यावर मॅडमचं आणि माझं एकमत नाही. बालरोगतज्ज्ञ रुग्णालयातच राहायला आले तर बघू, असं त्या म्हणतात. मला वाटतं, त्याआधी रात्रपाळीला दोन सिस्टर हव्यात. जाहिरात दिली आहे. अजून कुणी आलेलं नाही.